वाचकांचे प्रश्न : टाकीतली वाफ आणि न विझणारा दिवा

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांचा गठ्ठा चाळताना एक गोष्ट लक्षात आली. गाडी व्यवस्थित चालते आहे, इंजिनाचा आवाज बदललेला नाही, तरी चेक इंजिनचा दिवा विझत नाही आणि स्कॅनर लावला की पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेचा कोड, म्हणजे गाडीतल्या संगणकाने नोंदलेला दोषाचा क्रमांक, दिसतो, अशी तक्रार करणारी पत्रे त्यांत सर्वांत जास्त आहेत. त्यांतल्या अनेकांनी एखाददुसरा भाग बदलून पाहिला आहे आणि दिवा पुन्हा पेटला आहे. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच यंत्रणेच्या दोषांना दिले आहे.

प्रश्न : माझ्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा आठवडाभरापासून पेटलेला आहे. स्कॅनरवर पी ०४५५ हा कोड आला. गॅरेजमध्ये सांगितले की हा मोठ्या गळतीचा कोड आहे, कॅनिस्टर बदलावा लागेल. गाडीखाली पेट्रोलचा एक थेंबही दिसत नाही. मग ही गळती कसली, आणि कॅनिस्टर खरोखरच बदलावा का?

उत्तर : कॅनिस्टर बदलण्याची घाई करू नका. ही गळती पेट्रोलच्या वाफेची आहे, त्यामुळे जमिनीवर काहीच दिसणार नाही. पेट्रोल बंद टाकीतही सतत उडत असते. ती वाफ हवेत गेली तर पेट्रोल वाया जाते ते वेगळेच, पण तिच्यातले हायड्रोकार्बन उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून जमिनीलगतचा ओझोन तयार करतात, आणि त्यात बेंझिनसारखे शरीराला घातक घटकही असतात. म्हणून टाकीला बाहेरच्या हवेत थेट उघडे तोंड ठेवलेले नसते. टाकीतली वाफ एका नळीने कॅनिस्टरमध्ये, म्हणजे सक्रिय कोळशाचे दाणे भरलेल्या डब्यात जाते आणि त्या दाण्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. पुढे इंजिन गरम होऊन गाडी चालू लागली की संगणक इंजिनाकडे जाणाऱ्या वाटेवरचा पर्ज व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडतो, इंजिनाच्या इनटेकमधला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गातला, व्हॅक्यूम ती वाफ ओढून घेतो आणि ती नेहमीच्या पेट्रोलबरोबर जळून जाते. वाफ ओढली जात असताना कॅनिस्टरच्या दुसऱ्या टोकाने ताजी हवा आत यावी लागते. तिची वाट व्हेंट व्हॉल्व्हमधून असते. विजेचा पुरवठा नसताना पर्ज व्हॉल्व्ह बंद असतो आणि व्हेंट व्हॉल्व्ह उघडा असतो. ही एवढी गोष्ट मनात पक्की बसवली की पुढचे निम्मे निदान सोपे होते.

आता पी ०४५५ कसा उमटतो ते पाहू. बऱ्याच गाड्यांत संगणक अधूनमधून या यंत्रणेची परीक्षा घेतो. तो व्हेंट व्हॉल्व्ह बंद करतो, पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि टाकीत हलकासा व्हॅक्यूम निर्माण होऊ देतो. हा व्हॅक्यूम अगदी सौम्य असतो, काही इंच उंचीच्या पाण्याच्या स्तंभाच्या दाबाइतकाच. मग पर्जही बंद करून टाकीवरचा दाबाचा सेन्सर काय सांगतो ते पाहतो. व्हॅक्यूम टिकला तर यंत्रणा निर्दोष, हळूहळू उतरला तर लहान गळती, आणि मुळात तयारच झाला नाही तर पी ०४५५. म्हणजे संगणकाने भोक पाहिलेले नसते, त्याला अपेक्षित व्हॅक्यूम मिळालेला नसतो. पर्ज व्हॉल्व्ह उघडलाच नाही, व्हेंट व्हॉल्व्ह पूर्ण मिटलाच नाही, पर्जकडे जाणारी नळी इंजिनाजवळ निसटली किंवा दाबाचा सेन्सर चुकीचे आकडे देत असला, तरी कोड हाच येईल. कॅनिस्टरचा डबा फुटला असेल तरच तो बदलण्यात अर्थ आहे, आणि या कोडच्या कारणांत डबा फुटणे हे तसे दुर्मीळ कारण आहे.

तुम्ही घरच्या घरी करू शकाल अशी पहिली तपासणी पेट्रोलच्या झाकणाची. झाकण काढून त्याची रबरी कडी उजेडात बोटाने सबंध फिरवून पाहा. कडी चपटी झालेली असते, तिला बारीक भेगा पडलेल्या असतात किंवा तिच्यावर धुळीचा पापुद्रा बसलेला असतो. एकदा माझ्याकडे आलेल्या गाडीत कडीवर पुसण्याच्या फडक्याचा एकच दोरा आडवा चिकटला होता. दोरा काढला, कडी पुसली आणि तो कोड परत आला नाही. जितके लक्ष झाकणाकडे द्याल तितकेच ते जिथे बसते त्या तोंडाच्या कडेकडेही द्या, कारण लोखंडी तोंडाला गंज चढला की नवे झाकणही नीट बसत नाही. झाकण फिरवताना टक् असा आवाज येईपर्यंत ते घट्ट करा. काही गाड्यांत सैल झाकणासाठी पी ०४५७ असा वेगळा कोड असतो, पण अनेकदा सैल झाकणही पी ०४५५ म्हणूनच नोंदले जाते. झाकण निर्दोष असेल तर कॅनिस्टरविषयी बोलण्याआधी गॅरेजमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह आणि सेन्सर तपासून घ्या. ते कसे तपासावे हे पुढच्या उत्तरांत आले आहे.

प्रश्न : कोड पी ०४५६. झाकण नवे कंपनीचे बसवले, कोड पुसला, बारा दिवसांनी तोच कोड परत आला. पर्ज व्हॉल्व्ह बदलला, पुन्हा तेच. एवढी बारीक गळती शोधण्याची खात्रीची पद्धत आहे का? आणि कोड परत यायला इतके दिवस का लागतात?

उत्तर : आधी दिवसांचे कोडे सोडवू. संगणक ही परीक्षा प्रत्येक फेरीत घेत नाही. बहुतेक गाड्यांत टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असावी लागते, गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झालेली असावी लागते, आणि बाहेरची हवा फार गार किंवा फार तापलेली चालत नाही. टाकी काठोकाठ भरलेली असेल किंवा तळाला गेली असेल तर परीक्षा रद्द होते. त्यातून बहुतेक गाड्यांत एकदा नापास झाल्यावर दिवा पेटत नाही, लागोपाठ दुसऱ्यांदा नापास झाल्यावर पेटतो. म्हणून भाग बदलला, कोड पुसला आणि दोन दिवस दिवा दिसला नाही, एवढ्यावरून दुरुस्ती झाली असे समजू नये. तुमच्या बारा दिवसांचा हाच अर्थ आहे. नवे झाकण बसवल्यानंतर बरेच दिवस परीक्षा झालीच नसेल आणि तोवर सगळे ठीक वाटले असेल.

पी ०४५६ हा अतिसूक्ष्म गळतीचा कोड आहे. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी दोन ही स्वनिदान पद्धत सक्तीची झाली, तेव्हा सुमारे १ मिलिमीटर व्यासाच्या छिद्राएवढी गळती ओळखणे अपेक्षित होते. पी ०४४२ हा कोड त्या मापाचा. पुढे २००० सालापासूनच्या गाड्यांसाठी ही मर्यादा क्रमाक्रमाने सुमारे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत खाली आली. अर्धा मिलिमीटर म्हणजे बारीक सुईच्या टोकाएवढे छिद्र, आणि तेही टाकीपासून इंजिनापर्यंत पसरलेल्या नळ्यांत, जोडांत, कड्यांत कुठेही. ते डोळ्यांनी शोधणे व्यर्थ आहे. एवढी सूक्ष्म गळती पकडण्यासाठी पुष्कळ गाड्या इंजिन बंद झाल्यानंतर परीक्षा घेतात. गाडी उभी केल्यावर टाकी आधी थोडी तापते आणि मग निवते, त्याबरोबर आतला दाब वाढतो आणि मग उतरतो. सगळी दारे बंद असताना दाब असा वरखाली झाला नाही तर कुठेतरी फट आहे.

खात्रीची पद्धत धुराची. स्मोक मशीन खनिज तेल तापवून दाट पांढरा धूर तयार करते आणि तो अतिशय कमी दाबाने यंत्रणेत सोडते. हा दाब साधारण एक पीएसआय किंवा त्याहूनही कमी असतो. चाकात हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरची नळी या यंत्रणेला कधीही लावू नये. त्या दाबाने चांगले असलेले जोडही फाटतात आणि मग मूळ गळती कोणती व आपण केलेली कोणती हे कळेनासे होते. धूर वाहून नेण्यासाठी नुसत्या हवेऐवजी नायट्रोजन वापरणारे मशीन मला जास्त भरवशाचे वाटते, कारण टाकीत हवा ढकलून पेट्रोलच्या वाफेशी तिचे मिश्रण होऊ देणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. गॅरेजमध्ये ही चाचणी होत असताना जवळपास वेल्डिंग, ग्राइंडर किंवा उघडा दिवा नसावा, हे तुम्ही गाडीमालक म्हणून नि:संकोच सांगा.

चाचणीतल्या दोन चुका मी वारंवार पाहतो. पहिली, व्हेंट व्हॉल्व्ह उघडाच ठेवून धूर सोडणे. तो मुळात उघडा असतो, त्यामुळे धूर व्हेंटमधून भसाभसा बाहेर येतो आणि कारागीर व्हेंट व्हॉल्व्ह खराब ठरवून मोकळा होतो. स्कॅनरने आज्ञा देऊन तो बंद करावा आणि मगच चाचणी सुरू करावी. दुसरी, टाकीत धूर पोहोचण्याआधीच गळती नाही असा निकाल देणे. त्यासाठी सुरुवातीला पेट्रोलचे झाकण काढून ठेवावे, तिथून धूर सलग येऊ लागला की यंत्रणा भरली असे समजून झाकण लावावे, आणि नंतर प्रखर टॉर्च घेऊन पुढून मागे सावकाश पाहत जावे. सूक्ष्म गळतीतून धुराचा लोट येत नाही. केसाएवढी एक रेघ वर चढताना दिसते आणि वाऱ्याची झुळूक आली की नाहीशी होते. म्हणून पंखे बंद ठेवावेत.

अशाच एका गाडीत मी तासभर शोध घेतला होता. झाकण, तोंड, कॅनिस्टर, इंजिनाजवळच्या नळ्या, सगळीकडे कोरडे. शेवटी मागचे आसन उचलून टाकीवरचे झाकणपत्र काढले, तेव्हा पेट्रोल पंपाच्या गोल चकतीच्या एका बाजूने ती बारीक रेघ निघताना दिसली. मालकाला विचारले तर वर्षभरापूर्वी पंप बदलल्याचे कळले. पंप बदलताना जुनी रबरी कडी तशीच परत बसवली होती आणि ती एका जागी पिळली गेली होती. नवी कडी म्हणजे किती छोटी वस्तू, पण त्याआधी त्या गृहस्थांनी दोन व्हॉल्व्ह आणि एक कॅनिस्टर बदलून घेतले होते. तुमच्या गाडीचा पंप किंवा टाकी कधी उघडली होती का, हे आठवून पाहा आणि ते कारागिराला आवर्जून सांगा. टाकीच्या वरच्या बाजूच्या नळ्या, उन्हाने कडक झालेले रबरी तुकडे आणि प्लास्टिक नळ्यांचे झटपट जोड ही पुढची संशयाची ठिकाणे.

धूर कुठेच दिसला नाही तरीही कोड येत राहिला, तर गळती यंत्रणेच्या आत असू शकते. पर्ज व्हॉल्व्ह बाहेरून शाबूत, पण पूर्ण मिटत नसला तर धूर त्यातून इनटेकमध्ये जातो आणि बाहेर दिसत नाही. इनटेककडची नळी सोडून तिथे धूर येतो का ते पाहिले म्हणजे हा संशय फिटतो. तुमचा व्हॉल्व्ह नवा आहे म्हणून तो निर्दोषच असेल असे गृहीत धरू नका.

आणखी एक. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम पाहून लिहून ठेवा. कोड नोंदला गेला त्या क्षणी टाकीत किती पेट्रोल होते, इंजिन किती तापले होते, गाडी उभी होती की चालती, हे त्यात साठवलेले असते. कोड पुसला की तेही पुसले जाते. निदानाची सर्वांत मौल्यवान माहिती लोक पहिल्या मिनिटालाच फेकून देतात, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

प्रश्न : पेट्रोल भरल्यानंतर गाडी एका सेल्फमध्ये सुरू होत नाही. तीन-चारदा सेल्फ मारावा लागतो, ॲक्सिलरेटर दाबून ठेवावा लागतो, मग हिसके देत सुरू होते आणि पेट्रोलचा वास येतो. एरवी सकाळी गाडी पटकन सुरू होते. इंजेक्टर साफ केले, प्लग बदलले, बॅटरी नवी आहे.

उत्तर : फक्त पेट्रोल भरल्यानंतरच होणारा त्रास हीच तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. टाकी भरताना आत येणारे पेट्रोल टाकीतली वाफ बाहेर ढकलते आणि कॅनिस्टर वाफेने गच्च भरतो. पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर सेल्फ मारताच ती सगळी वाफ इनटेकमध्ये ओढली जाते. इंजेक्टर आपल्या हिशेबाने पेट्रोल देतच असतात. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण बिघडून मिश्रण इतके दाट होते की ठिणगी पडूनही ते पेटत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर जास्त हवा आत येते आणि गाडी सुरू होते, हे तुमचे निरीक्षण याच निष्कर्षाला दुजोरा देते. सकाळी कॅनिस्टर तुलनेने रिकामा असल्याने त्रास जाणवत नाही.

याची तपासणी दहा मिनिटांची आहे. इंजिन थंड असताना गाडी सुरू करून नुसती उभी ठेवा. पर्ज व्हॉल्व्हचा विजेचा कनेक्टर काढा आणि कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हच्या तोंडावरून सोडा. आता त्या मोकळ्या तोंडावर बोटाचे टोक अलगद ठेवा. व्हॉल्व्ह चांगला असेल तर बोटाला काहीच जाणवणार नाही, कारण वीज नसताना तो बंद असायला हवा. बोट ओढले जात असेल, इंजिनाची लय बदलत असेल, तर व्हॉल्व्ह गळतो आहे. सोडलेल्या नळीतून वाफ येते, म्हणून हे काम मोकळ्या हवेत करावे आणि ती नळी तेवढ्या वेळेपुरती बुचाने बंद ठेवावी. व्हॉल्व्ह काढून तपासायचा असेल तर हातपंपाने व्हॅक्यूम लावून काटा मिनिटभर स्थिर राहतो का ते पाहावे. तोंडाने ओढून पाहण्याची जुनी सवय कृपया सोडावी, ती वाफ फुफ्फुसांत जाण्याच्या लायकीची नाही.

स्कॅनरही साक्ष देतो. पेट्रोल भरल्यानंतर लगेच फ्यूएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोलच्या मात्रेत करत असलेल्या दुरुस्तीचे, आकडे ठळकपणे उणे दिसले, म्हणजे संगणक पेट्रोल कमी करत असला, तर न मागितलेली वाफ आत येते आहे. कॅनिस्टर रिकामा झाल्यावर त्याच उघड्या व्हॉल्व्हमधून नुसती हवा येते आणि आकडे उलट अधिक बाजूला झुकतात. एकच भाग, पण टाकीच्या स्थितीप्रमाणे परस्परविरुद्ध लक्षणे. त्यामुळे मिश्रण पातळ असल्याचा पी ०१७१ हा कोड आला की कारागीर हवेचा सेन्सर बदलत बसतात. पर्जची आज्ञा नसताना प्रवाह दिसला तर पी ०४९६ आणि प्रवाह अपेक्षेप्रमाणे नसेल तर पी ०४४१ असे कोड येतात. पी ०४४३ मात्र वेगळा, तो व्हॉल्व्हच्या विजेच्या मार्गाचा आहे. तिथे नळ्या तपासण्यात वेळ घालवू नये. फ्यूज, कनेक्टरच्या पिना, वायर आणि मल्टिमीटरने कॉइलचा रोध, या क्रमाने जावे. अनेक व्हॉल्व्हांचा रोध २० ते ३० ओहमच्या आसपास असतो, पण आपल्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतलाच आकडा प्रमाण मानावा.

एक सूचना. जुना व्हॉल्व्ह काढल्यावर तो पांढऱ्या कागदावर आपटून पाहा. काळे बारीक दाणे पडले तर कॅनिस्टरमधला कोळसा फुटून पुढे येतो आहे. अशा वेळी नळ्या साफ न करता आणि कॅनिस्टर तसाच ठेवून नवा व्हॉल्व्ह बसवला, तर तोही थोड्याच दिवसांत अडकेल. कॅनिस्टर बदलण्याचे हे एक रास्त कारण आहे.

प्रश्न : पंपावर पेट्रोल भरताना नोझल दर थोड्या वेळाने आपोआप बंद होते. झाकण उघडताना फुस्स असा आवाजही येतो. दिवा पेटलेला नाही. दुर्लक्ष केले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. पेट्रोल आत येते तेव्हा तेवढीच वाफ आणि हवा कॅनिस्टरमधून व्हेंटच्या वाटेने बाहेर पडावी लागते. ती वाट तुंबली की पेट्रोल नळकांड्यात वर चढते आणि नोझलचे स्वयंचलित बंद होणे सुरू होते. थोडासा फुस्स आवाज पुष्कळ गाड्यांत स्वाभाविक असतो. पण झाकण उघडताना हवा जोराने आत शिरल्यासारखे वाटत असेल तर काळजीचे कारण आहे, कारण टाकीतला पंप पेट्रोल ओढत राहतो, त्याच्या जागी हवा येत नाही आणि टाकी आतल्या बाजूला खेचली जाते. अशाने टाकी आक्रसल्याची आणि प्लास्टिकच्या टाकीला भेग गेल्याची उदाहरणे आहेत.

व्हेंटचे तोंड बहुधा मागच्या चाकाजवळ किंवा टाकीच्या आसपास असते. तिथे धूळ, चिखल आणि किडे यांचा सतत मारा होतो. व्हॉल्व्हच्या आधी एक गाळणी असते, ती धुळीने बंद होणे हे सर्वांत साधे कारण. कोळ्यांचाही यात वाटा असतो, हे वाचून नवल वाटेल. माझ्दा कंपनीने २०११ साली उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५ हजार माझ्दा ६ गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. पिवळ्या कोळ्याची एक जात पेट्रोलच्या वासाकडे ओढली जाऊन व्हेंटच्या नळीत जाळे विणत होती, आणि त्यामुळे टाकीत व्हॅक्यूम वाढून तिला भेग जाण्याचा धोका होता.

तपासणी अशी करावी. कॅनिस्टरची व्हेंटकडची नळी सोडून पेट्रोल भरण्याचा त्रास थांबतो का ते पाहावे. थांबला तर अडथळा व्हॉल्व्ह किंवा गाळणीत आहे. थांबला नाही तर अडथळा कॅनिस्टरमध्ये किंवा टाकी व कॅनिस्टर यांच्यामधल्या नळीत आहे. कॅनिस्टर हातात घेऊन पाहा. तो लक्षणीय जड लागला, तिरका केल्यावर आत द्रव हलल्याचे जाणवले, तर त्यात वाफेऐवजी पेट्रोल शिरले आहे. याला बहुधा आपलीच सवय कारण असते. नोझल पहिल्यांदा बंद झाल्यावरही आकडा पुरा करण्यासाठी दोन-तीनदा दाबून पेट्रोल भरत राहिलो की वाफेसाठी राखलेली जागा पेट्रोलने व्यापली जाते आणि ते कॅनिस्टरच्या नळीत उतरते. भिजलेला कोळसा पुन्हा पूर्वीसारखा काम करेल याची खात्री देता येत नाही. नोझल एकदा बंद झाले की थांबावे.

व्हेंटच्या विजेच्या मार्गात दोष असेल तर पी ०४४६ किंवा पी ०४४९ येतो. पाण्यात व मातीत राहणाऱ्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो, तो साफ करण्याआधी व्हॉल्व्ह बदलू नये.

प्रश्न : टाकीच्या दाबाच्या सेन्सरवर विश्वास ठेवावा की नाही, हे कसे ठरवायचे?

उत्तर : फार चांगला प्रश्न, आणि खरे तर सगळ्या तपासण्यांच्या आधी विचारण्याचा. पेट्रोलचे झाकण काढून चावी सुरू करा, इंजिन सुरू करू नका, आणि स्कॅनरवर टाकीचा दाब पाहा. टाकी हवेला उघडी आहे, म्हणून आतला आणि बाहेरचा दाब सारखा, अर्थात आकडा शून्याजवळ यायला हवा. तो शून्यापासून दूर आणि स्थिर दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर दोषी आहे. पी ०४५१, पी ०४५२ आणि पी ०४५३ हे याचेच कोड. हा सेन्सर खोटे बोलत असेल तर संगणकाच्या प्रत्येक गळतीच्या निकालाला अर्थ उरत नाही.

प्रश्न : एका परिचिताने कॅनिस्टर काढून टाकून टाकीची नळी मोकळी सोडण्याचा सल्ला दिला आहे. गाडीच्या चालण्यात फरक पडत नाही म्हणतात. करावे का?

उत्तर : नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर विरून न जाता गाडीखाली आणि बंद गॅरेजच्या जमिनीवर साचते, आणि एका ठिणगीने पेट घेते. शिवाय तिथे खेळणारी मुले ती श्वासात घेतात. दिवा पेटलेला असताना काही दिवस गाडी चालवणे बहुतेक वेळा निभावते, पण पेट्रोलचा वास येत असेल तर तेही करू नये, थेट गॅरेजला न्यावी.

प्रश्न : टर्बो असलेल्या गाडीत आणि हायब्रिड गाडीत ही तपासणी अशीच होते का?

उत्तर : तत्त्व तेच, वाटा निराळ्या. टर्बो दाब देऊ लागला की इनटेकमध्ये व्हॅक्यूम राहत नाही, म्हणून तिथे वाफ ओढण्याची दुसरी वाट टर्बोच्या आधीच्या भागात काढलेली असते आणि दोन्ही वाटांवर एकाच दिशेने उघडणारे व्हॉल्व्ह असतात. त्यांतला एखादा फुटला तर टर्बोचा दाब उलटा कॅनिस्टरकडे जातो. उभ्या गाडीत सगळे ठीक आणि महामार्गावर कोड, असे झाले की या व्हॉल्व्हांवर संशय घ्यावा. अनेक प्लग-इन हायब्रिड गाड्यांत इंजिन बराच काळ बंद असल्याने कॅनिस्टर रिकामा करायला संधीच कमी मिळते, म्हणून टाकी दाबाखाली पूर्ण बंद ठेवलेली असते. झाकण उघडण्याआधी बटण दाबून दाब उतरेपर्यंत थांबावे लागते. अशा गाडीची टाकी माहितीशिवाय उघडू नये.

प्रश्न : दुरुस्ती झाली, कोड पुसला, पण उत्सर्जन तपासणीत स्कॅनरवर या यंत्रणेची चाचणी अपूर्ण असे दिसते. कोड तर नाही. मग अडचण काय?

उत्तर : कोड पुसला की संगणक आपल्या सर्व चाचण्यांची नोंदही कोरी करतो, आणि प्रत्येक चाचणी पुन्हा पूर्ण होईपर्यंत ती अपूर्णच दाखवतो. वाफेच्या यंत्रणेच्या चाचणीला अटी सर्वांत जास्त असल्याने तीच बहुधा शेवटी पूर्ण होते. बॅटरीची तार काढल्यानेही अनेक गाड्यांत हेच होते. टाकी निम्म्याच्या आसपास ठेवा, गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी सुरू केल्यावर काही मिनिटे तशीच चालू ठेवून मग एका वेगाने सलग अंतर चालवा, आणि परत येऊन काही तास तिला हात लावू नका, म्हणजे इंजिन बंद असतानाची परीक्षाही होऊन जाईल. असे तीन-चार दिवस करावे लागेल. या काळात मध्येच पेट्रोल भरायला जाऊ नका, कोणी सांगितले तरी कोड पुन्हा पुसू देऊ नका, आणि रोज संध्याकाळी स्कॅनर लावून प्रलंबित कोडांची यादी तेवढी पाहत जा, कारण दोष राहिला असेल तर दिवा पेटण्याच्या एक फेरी आधीच तो तिथे दिसेल.